डाव्या चाकापाशी

१

गाडीचं काम दोन माणसांचं असतं, असं तिचा नवरा लग्न झाल्यापासून सांगत आला होता. पहिलं माणूस तो, आणि दुसरं माणूस म्हणजे ती.

घराच्या भिंतीला लागून पत्र्याची शेड होती. पिकअप आत घेतली की एका बाजूला जेमतेम माणूस बसेल एवढीच जागा उरायची, आणि त्याच बाजूला स्वयंपाकघराचं दार. दिवसभर नवरा त्या गाडीतून लोकांची कपाटं, पलंग, फ्रिज इकडचे तिकडे पोहोचवायचा. गाडी कुरकुरली की गॅरेज शोधत बसायचा नाही, स्वतःच खाली घुसायचा. शिकवलं कोणी नव्हतं. बघून बघून आणि हात भाजून घेऊन तो शिकला होता.

पुढच्या चाकांचे बॉल जॉइंट तपासायचे तर एकाने चाकाखाली पहार घालून चाक वर उचकायचं आणि दुसऱ्याने आत हात घालून जॉइंटवर बोट ठेवायचं. जॉइंट म्हणजे वाटीत बसवलेली लोखंडी गोटी. चाकाचा सगळा भार तिच्यावर, वळणंही तिच्याच जिवावर. वाटी झिजली की गोटी आत हलायला लागते, आणि ते हलणं डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला कळतं. नवऱ्याचा पंजा पाटासारखा, तो त्या सांदीत जायचा नाही. तिचं बोट जायचं.

पहार दाबत तो विचारायचा, "लागलं?"

ती म्हणायची, "लागलं," नाहीतर "नाही." त्या एका बाबतीत तरी तो तिच्या शब्दावर चालायचा. बाकी तिच्या शंकांना घरात फारसा भाव नव्हता. दूध उतू जायच्या आधीच तिला जळल्याचा वास येतो, असं सासूबाई म्हणायच्या, आणि ते अगदी खोटंही नव्हतं.

या वेळी मात्र तिची काळजी सगळ्यांचीच होती. ठकीला, म्हणजे तिच्या नऊ महिन्यांच्या लेकीला, गुरुवारी सकाळी खाली शहरात न्यायचं होतं. ठकी हाकेला बघत नव्हती. शेजारी ताट पडलं तरी दचकत नव्हती. कानांच्या तपासणीची तारीख चार महिन्यांनी मिळाली होती, आणि ती चुकली तर पुढचे चार महिने कोणाच्या नावाने बोटं मोडायची? रस्ता सगळा उताराचा होता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नुसती हवा.

त्याच रस्त्यावर गेल्या आठवड्यात गाडी खडखडली होती.

२

मंगळवारी त्याने उजवं चाक खोललं. तिकडचा जॉइंट संपलाच होता. रबरी टोपी फाटलेली, आत ग्रीसच्या जागी माती. पहार लावायच्या आधीच चाक हाताने डुगडुगत होतं. त्याने जुना जॉइंट काढला, नवा बसवला, नट आवळला, आणि नटातून नवी पिन ओवून तिची टोकं वाकवली.

"झालं," तो म्हणाला. "आता गुरुवारी गाडी लोण्यासारखी जाईल."

"डावीकडचं?"

"डावीकडे काय झालंय?"

"मी डावीकडे बसते. पायाखाली टक टक लागतं. बारक्या खड्ड्यातसुद्धा."

"आवाज लोखंडातून फिरतो गं. वाजतं एकीकडे, ऐकू येतं दुसरीकडे." मग हसून म्हणाला, "आणि तुला काय, सगळंच ऐकू येतं. मायलेकींत वाटणी नीट झाली नाही."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं. त्याने जॅक डावीकडे आणला, चासीखाली, म्हणजे गाडीच्या सांगाड्याखाली लावून चाक उचललं आणि पहार घातली. तिने बोट ठेवलं.

"लागलं?"

"नाही."

"पुन्हा. लागलं?"

तिला आपल्याच बोटाचा राग आला. "नाही लागत."

"मग झालं तर. चल, जेवायला वाढ. जॉइंटची जोडी आणली होती, उरलेला राहू दे फळीवर."

दोघं आत गेली. सासूबाई गुडघे धरून पाटावर बसल्या होत्या, ठकी त्यांच्या मांडीवर. अर्ध्या तासात जेवणं उरकली. या वेळात शेडमधून कसलाही आवाज आला नाही. हे ती नंतर कितीतरी वेळा आठवून बघणार होती. आला असता तर तिलाच आधी आला असता.

हात पुसत नवरा शेडमध्ये गेला आणि तिथूनच म्हणाला, "अगं, जॅक का हलवलास?"

ती दारात आली. जॅक चासीखाली नव्हता. तो आत, चाकाच्या अगदी जवळ, चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या लोखंडी आर्मखाली उभा होता आणि चाक जमिनीपासून चार बोटं वर होतं.

"मी कुठे हलवला? मी तर तुम्हाला वाढत होते."

"मग आईने हलवला? तिला पाटावरून उठवायला दोन माणसं लागतात."

"तुम्हीच लावला असेल तिथे."

"मी तिथे लावतच नाही. वाकून वाकून पाठ मोडते." मग, ज्याचा अर्थ लागत नाही त्याच्यावर माणूस चिडतो तसा चिडून, त्याने जॅकची चावी सैल केली, गाडी खाली घेतली आणि जॅक कोपऱ्यात नेऊन ठेवला.

दुपारभर ती मनाशी हिशेब जुळवत होती. जॅक घसरला म्हणावं, तर घसरलेला जॅक गाडी खाली सोडतो, दुसरीकडे जाऊन पुन्हा उचलत नाही. उचलायला दांडा वीस वेळा मारावा लागतो, आणि प्रत्येक वेळी तो कुईं करतो. आपणच विसरलो असू, असं तिने ठरवलं. झोप कमी झाली की माणूस काहीही करतं आणि विसरतं. ठकी झाल्यापासून तिने एकदा किल्ल्या तांदळात ठेवल्या होत्या.

त्या आठवणीने तिला जरा बरं वाटलं.

३

बुधवारी नवरा शेजाऱ्याच्या स्कूटरवर ग्रीसचा डबा आणायला गेला. सकाळचे अकरा वाजले असतील. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे जमिनीवर पडले होते. तिने ठकीला कडेवर घेतलं, झाडू घेतला आणि शेडचं दार उघडलं.

डावं चाक वर होतं.

जॅक आर्मखाली, कालच्याच जागी. या वेळी चाकाखाली पहारसुद्धा घातलेली होती. नवरा घालायचा तशी वेडीवाकडी नव्हे. टायरच्या बरोबर मधोमध, आणि टेकूला खाली लाकडाचा ठोकळा. पहारेचं दुसरं टोक दाराच्या बाजूला आलं होतं. गाडीपुढे जमिनीवर तिचं पोतं अंथरलेलं होतं, जे ती आत शिरताना पाठीखाली घ्यायची. त्याच्या सुरकुत्यासुद्धा काढलेल्या होत्या.

ती उंबऱ्यावरच थांबली. घरातून सासूबाईंच्या रेडिओवर कोणीतरी पिकांवरच्या किडीबद्दल बोलत होतं. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवली. सगळं होतं तसंच होतं.

नवऱ्याने जाता जाता मांडून ठेवलं असेल, तिने स्वतःला सांगितलं. काल नको म्हणाला, पण मनाला लागलं असेल. आपला नवरा वाईट नाही, बोलतो तेवढंच. हे सगळं पटण्यासारखं होतं. फक्त नवरा गेल्यावर तिनेच इथून केराची टोपली नेली होती, आणि तेव्हा गाडी चारी चाकांवर उभी होती.

तिला पळून जावंसं वाटलं, हे खरं. पण पळणार कुठे? दाराच्या अलीकडे शेड, पलीकडे स्वयंपाकघर, आणि उद्या सकाळी याच गाडीच्या डाव्या सीटवर ठकीला मांडीत घेऊन बसायचं होतं.

मग तिच्या लक्षात आलं की जे मांडून ठेवलंय ते अर्धं आहे. पहारेची बाजू तयार होती. पोतं रिकामं होतं. ज्याने कोणी हे मांडलं होतं, त्याला सगळं येत होतं. फक्त त्यालाही दुसरं माणूस लागत होतं.

४

तिने ठकीची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात, पायरीवर ठेवली. ठकीला बसवलं, पट्टा लावला, हातात चमचा दिला. मग गाडीला वळसा घालून पुढे गेली आणि पोत्यावर आडवी होऊन आत सरकली. बंपर आणि चाक यांच्या फटीतून तिला खुर्ची दिसत होती, ठकीचे पाय दिसत होते, चमचा दिसत होता. टायरखालून पहारेचं टोक, आणि त्याच्या पलीकडे पायरीपर्यंतची मोकळी फरशी. तिथे कोणी नव्हतं.

"वेडीच आहेस," ती स्वतःला म्हणाली, आणि बोट जॉइंटवर ठेवलं.

बोटाखाली ग्रीस गार होतं. तिने दहापर्यंत मोजलं. काही झालं नाही. तिला हसू यायला लागलं, कारण पहार दाबायला कोणी नसताना ती इथे काय तपासत होती?

पहार दबली.

चाक वर गेलं आणि बोटाखाली टक झालं. बारीक नव्हे. गोटी वाटीत चांगली नखभर सरकली. चाक खाली आलं, पुन्हा वर गेलं. टक. तिसऱ्यांदा तर बोटाच्या दोन्ही बाजूंनी लोखंड एकमेकांपासून दूर गेलेलं तिला स्पष्ट कळलं.

मग चाक वरच थांबलं. कोणी काही विचारलं नाही, पण ते थांबणं विचारण्याचंच होतं. चार वर्षांच्या सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "लागलं."

चाक खाली यायला लागलं. नवरा पहार एकदम सोडायचा आणि ती ओरडायची, अहो, बोट आहे माझं आत. आत्ता चाक इतकं हळू आलं की बोट काढायला तिला पुरेसा वेळ मिळाला. टेकू न वाजता सुटला. पहार फरशीवर टेकली आणि तिचाही आवाज झाला नाही.

टायरखालून तिने बघितलं. पहारेपाशी पावलं नव्हती. टेकलेला गुडघा नव्हता. एक कवडसा पडला होता, त्यात धूळ फिरत होती.

आणि तेव्हा ठकीने मान वळवली.

ठकी चमचा चोखत स्वयंपाकघराकडे बघत होती. मागून हाक आल्यावर माणूस वळतं, तशी ती वळली. तिची नजर खाली, पहारेच्या टोकाशी गेली. मग ती नजर वर वर जायला लागली, समोर बसलेलं माणूस सावकाश उठून उभं राहावं तशी, आणि मोठ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर येऊन थांबली. ठकी हसली. चमचा पडला. तिने दोन्ही हात वर केले.

मला घे, असं ती फक्त घरच्यांना म्हणायची.

आईने बाहेर सरकायला सुरुवात केली. गाडीखालून निघायला वेळ लागणार होता आणि ठकी तिच्यापासून चार हातांवर होती, दुसऱ्या कोणापासून एका हातावर.

"नको," ती म्हणाली. "तुमचे उपकार झाले. लई मोठे झाले. पण तिला उचलू नका. तिला माझ्याकडेच राहू द्या."

ठकीचे हात वरच होते. मग तिने मान थोडी कलती केली, समजावल्यावर लहान मुलं करतात तशी, आणि एकेक हात खाली घेतला. रडली नाही.

ती गाडीखालून निघाली तेव्हा कोपर सोललं होतं आणि केसांत ग्रीस होतं. तिने ठकीला छातीशी धरलं. ठकी तिच्या खांद्यावरून मागे बघत राहिली.

५

नवरा आला. ती पायरीवरच बसली होती.

"पुन्हा जॅक तिथे?"

"हो," ती म्हणाली. "मीच लावला. आता पहार मारा."

"काल बघितलं ना आपण?"

"आज बघा. एवढं माझं ऐका, मग वर्षभर ऐकू नका."

तिने ठकीला सासूबाईंकडे दिलं आणि पोत्यावर आडवी झाली. त्याने कुरकुरत पहार दाबली. तिला विचारायची गरजच पडली नाही. त्याचं त्यालाच दिसलं. त्याने पहार सोडली, पुन्हा दाबली.

चाक काढलं, पिन काढली, नट सैल करून हातोड्याचा एक घाव घातला. एरवी जॉइंट सुटायला दहा-बारा घाव लागायचे. हा पहिल्याच घावाला सुटला आणि आर्म खाली घेतल्यावर गोटी वाटीतून बाहेर येऊन त्याच्या तळहातात पडली. गोटीच्या मानेला अर्ध्यापर्यंत चीर गेलेली होती. जुनी, गंजलेली.

तो जमिनीवरच बसला.

"चासीखाली जॅक लावला की स्प्रिंग आर्मला दाबून धरते," तो हळूहळू, स्वतःलाच समजावत म्हणाला. "मग हे ढिलं असलं तरी हलत नाही. कळतच नाही. आर्मखाली लावला तरच दाब सुटतो. इतकी वर्षं मी…" त्याने तिच्याकडे बघितलं. "तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

"कोणीतरी सांगितलंच असणार. हे मला ठाऊक नव्हतं, तुला कसं ठाऊक?"

तिने सोललेलं कोपर पदराने झाकलं. "माझी शंका हो. तुम्ही नाही का म्हणत, मला सगळंच ऐकू येतं."

दारातून सासूबाई म्हणाल्या, "आता तरी तिला घाबरट म्हणू नकोस रे. घाबरट बायकोचा नवरा म्हातारा होतो."

तो हसला नाही. फळीवरून उरलेला जॉइंट त्याने दोन्ही हातांनी घेतला. बसवताना प्रत्येक बोल्ट त्याने तिला दाखवला, आणि तिने हो म्हटल्यावरच पुढचा आवळला. ग्रीस भरलं. पिन ती वाकवत असताना तो म्हणाला, "उद्या उतारावर हे निघालं असतं." तिने पिनचं दुसरं टोकही दाबून वाकवलं.

नंतर पहार जागेवर ठेवायला तिने उचलली. टोकाकडे लोखंड कोमट होतं, कोणी बराच वेळ मुठीत धरल्यासारखं. नवऱ्याने तर पहार कधीच खाली टाकली होती. ऊन पडलं असेल, असं म्हणून तिने वर बघितलं. त्या जागी पत्र्याला भोक नव्हतं.

६

गुरुवारी गाडी उतारावरून गेली. तिसऱ्या वळणावर समोरून ट्रक आला, नवऱ्याने करकचून ब्रेक मारून चाकं डोंगराच्या बाजूला घातली, आणि चाकं जिथे सांगितलं तिथे गेली. ट्रक निघून गेला. तिच्या पायाखाली काही वाजत नव्हतं. ती मनातल्या मनात आभार मानत होती, आणि कोणाचे ते माहीत नसल्यामुळे पुन्हा पुन्हा मानत होती.

तपासणीच्या खोलीच्या भिंतींना गाद्या लावल्या होत्या. ठकीला झोपवून कानांत नळ्या घातल्या. तपासणाऱ्या बाई पडद्याकडे बघत आवाज वाढवत गेल्या, आणि पडद्यावरची रेघ सरळच राहिली. उजवा कान झाला, डावा झाला.

"दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. कठोरपणे नाही, सरळ. "पण तुम्ही फार वेळेवर आलात. एवढ्या लहानपणी कानाचं यंत्र बसलं तर मूल बोलायला शिकतं. दोन वर्षांनी आला असतात तर अवघड होतं. यंत्र यायला दीड महिना लागेल."

नवऱ्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "आलो हेच खूप झालं."

ती म्हणाली, "बाई, परवा… नाही, कालच. हिने हाकेला मान वळवली."

"काहीतरी हललेलं दिसलं असेल. अशी मुलं डोळ्यांनी ऐकतात."

"हिची पाठ होती तिकडे."

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. आयांना असं वाटतं, हे त्या हाताला माहीत होतं. "तुमचा आवाज हिला येत नाही अजून. आमचाही येत नाही. कोणाचाच येत नसणार. दीड महिना धीर धरा."

तिने मान हलवली. खरं तर हाक तिलाही ऐकू आली नव्हती.

७

दुसऱ्या दिवशी नवरा माल घेऊन गेला. शेड रिकामी होती. जमिनीवर तेलाचे डाग, कोपऱ्यात जॅक, भिंतीला पहार. दुपारच्या उन्हाचे कवडसे सगळीकडे.

तिने खूप विचार केला होता. दार कायमचं बंद करता आलं असतं. खिळे आणि हातोडा घरातच होते. पण ज्याने लेकीचा जीव वाचवला त्याच्या तोंडावर दार आपटायचं, हे तिला जमेना. आणि दुसरंही एक होतं. दीड महिना ठकी कोणाचाही शब्द ऐकणार नव्हती. आईचा नाही, बापाचा नाही. फक्त या दारात बसली की ऐकणार होती.

तिने खुर्ची पायरीवर ठेवली. ठकीला बसवलं, पट्टा दोनदा ओढून बघितला. स्वतः तिच्या शेजारी पायरीवर बसली आणि ठकीचं एक पाऊल मुठीत घट्ट धरलं. समोर बघायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. ती त्या पावलाकडेच बघत राहिली.

"थोडं बोला तिच्याशी," ती म्हणाली. "मी इथंच आहे."

शेडमध्ये काही वाजलं नाही. तिचे कान एवढे तिखट, पण तिला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

मुठीतलं पाऊल हललं. ठकीची मान वळली, वर गेली आणि थांबली. ती बराच वेळ स्थिर राहिली, तोंड अर्धवट उघडं ठेवून. मग तिच्या घशातून एक आवाज निघाला, नऊ महिन्यांत कधी न निघालेला, वर चढत जाणारा. ती गप्प झाली. समोरच्याचं संपेपर्यंत थांबली, आणि मग पुन्हा बोलली.